फिरती आरागिरणी आणि फळीचे खरे माप

शेताच्या बांधावर लावलेला साग ओंडक्याजोगा होण्यास एक पिढी जाते. परसातील फणसाला तर कित्येकदा दोन पिढ्या लागतात. असे झाड तोडण्याचा निर्णय शेतकरी सहजासहजी घेत नाही. घरात लग्नकार्य निघाले, घराचे आढे बदलावयाचे झाले किंवा डोक्यावरचे कर्ज फेडण्याची वेळ आली, म्हणजेच त्या झाडाला कुऱ्हाड लागते. इतक्या वर्षांच्या या ठेवीचा निकाल मात्र आरागिरणीवर एका सकाळीत लागतो. फळ्या मापात निघाल्या तर झाडाचे सोने होते. माप चुकले तर चांगल्या लाकडाचाही भुसा आणि जळण होते.

अलीकडे चाकांवर ओढून नेता येणारी आरागिरणी शेतकऱ्याच्या ओंडक्यापर्यंत येऊ लागली आहे. अवजड ओंडका शहरातील वखारीपर्यंत वाहून नेण्याऐवजी तो शिवारातच कापून फळ्या न्याव्यात, ही कल्पना निःसंशय हिताची आहे. परंतु या सोयीबरोबर एक धोकाही आला आहे. एका जागी कायम बसविलेले यंत्र काँक्रीटच्या पायावर उभे असते. फिरते यंत्र आज मुरमावर, उद्या भाताच्या खाचरात, परवा उतरत्या परड्यात उभे राहते. जागा बदलली की त्याची बैठक बदलते. बैठक बदलली की माप बदलते. म्हणून प्रत्येक नव्या जागी, पहिला मोलाचा ओंडका चढविण्यापूर्वी, यंत्राचे माप तपासलेच पाहिजे. ही तपासणी यंत्रावरील मापपट्टीकडे पाहून होत नाही, कापलेली फळी मोजूनच होते, ही गोष्ट शेतकऱ्याने आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने मनाशी पक्की धरावी.

रेघ लाकडावरून पट्टीवर गेली

पूर्वी दोन करवती मोठी करवत घेऊन ओंडका कापीत. एक वर उभा, दुसरा खाली. कामास हात घालण्यापूर्वी ते रंगात भिजविलेली दोरी ताणून ओंडक्यावर रेघा मारीत. हे काम कष्टाचे आणि संथ होते. परंतु त्यात एक मोठा गुण होता. मापाची रेघ लाकडावरच असे. करवत रेघ सोडून चालली तर ते वरच्याला दिसे, खालच्याला दिसे आणि शेजारी उभ्या असलेल्या मालकालाही दिसे.

आजच्या फिरत्या यंत्रात, ज्याला बाजारात बँड-सॉ म्हणतात, पोलादाचे अरुंद पाते दोन चाकांवरून पट्ट्यासारखे फिरते. ओंडका आडव्या दांड्यांवर स्थिर असतो आणि पाते धरणारा गाडा रुळांवरून पुढे सरकतो. गाडा वरखाली करण्यास हँडल असते आणि शेजारी मापपट्टीवर काटा असतो. म्हणजे रेघ लाकडावरून निघून पट्टीवर गेली. काटा पंचवीसवर उभा राहिला म्हणजे फळी पंचवीस मिलिमीटरची होणार, असा चालकाचा व मालकाचा समज होतो. वस्तुतः काटा एवढेच सांगतो की काटा कोठे आहे. पाते कोठे आहे आणि ते लाकडात शिरल्यावर कोठे जाईल, हे त्याला ठाऊक नसते.

एका ओंडक्याचा हिशेब

माप चुकल्याने नुकसान किती होते, ते एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. चारी बाजू काढून चौकोनी केलेला, २७० मिलिमीटर उंचीचा सागाचा ओंडका घेऊ. त्यातून २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढावयाच्या आहेत. पाते प्रत्येक वेळी आपल्यापुरती चीर पाडते आणि त्या चिरेतील लाकडाचा भुसा होतो. पातळ पट्ट्याच्या करवतीची चीर सुमारे २ मिलिमीटर असते. दहा फळ्यांचे २५० आणि मधल्या नऊ चिरांचे १८, मिळून २६८ मिलिमीटर झाले. म्हणजे यंत्र मापात असेल तर दहा फळ्या मिळतात.

आता तेच यंत्र मापात नसून फळीची जाडी दोन मिलिमीटर कमीअधिक होत आहे असे समजावे. कोणतीही फळी २५ पेक्षा पातळ निघू नये म्हणून चालक काटा २७ वर धरतो. नऊ फळ्यांचे २४३ आणि आठ चिरांचे १६ मिळून २५९ झाले. उरलेल्या ११ मिलिमीटरांतून फळी निघत नाही. दहा फळ्यांची एक फळी कमी झाली. तिच्यातील बहुतेक लाकूड इतर नऊ फळ्यांवर विनाकारण चढले आणि उरलेले तुकड्यात गेले. चढलेले लाकूड सुतार पुढे रंध्याने काढून टाकतो आणि त्याची मजुरीही मालकच देतो. फळी अडीचशे मिलिमीटर रुंद व अडीच मीटर लांब असेल, तर हे नुकसान एका ओंडक्यामागे अर्ध्या घनफुटाहून थोडे अधिक भरते. सागाचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला याहून अधिक सांगण्याची जरूरी नाही.

जाड पात्याच्या गोल करवतीची चीर कित्येकदा ६ मिलिमीटर असते. त्या करवतीने याच ओंडक्यातून आठच फळ्या निघतील. पातळ पट्ट्याच्या यंत्राने दोन फळ्यांचा लाभ मिळवून द्यावा आणि मापाच्या हेळसांडीने त्यांपैकी एक गमवावी, यात शहाणपण नाही.

दोष दोन जातींचे

मापाचे दोष दोन जातींचे असतात आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच पुष्कळ नुकसान होते. पहिला दोष मापाचा, दुसरा चालीचा.

मापाचा दोष स्थिर असतो. काटा योग्य जागी बसविलेला नसतो, चिरेची रुंदी हिशेबात धरलेली नसते किंवा इंच आणि मिलिमीटर यांची सरमिसळ झालेली असते. असा दोष प्रत्येक ओंडक्यात त्याच रीतीने दिसतो. तो हिशेबाने दुरुस्त होतो.

चालीचा दोष अस्थिर असतो. पाते ढिले असते, दात बोथट असतात, रोलर झिजलेले असतात किंवा ओंडका नीट आवळलेला नसतो. अशा वेळी एकच फळी एका टोकास २४, मध्यावर २७ आणि दुसऱ्या टोकास २५ भरते. असा दोष हिशेबाने जात नाही. काटा कितीही सरकविला तरी भरकटणारे पाते सरळ चालू लागत नाही. तथापि अनेक ठिकाणी हाच उपाय केला जातो. फळ्या पातळ निघतात अशी तक्रार आली की चालक काटा थोडा वर घेतो. तक्रार थांबते, दोष तसाच राहतो. मालक मात्र प्रत्येक फळीमागे जास्तीचे लाकूड देत राहतो. जाडी वाढवून मापाचा दोष झाकणे म्हणजे तराजू दुरुस्त न करता मापात मूठभर धान्य जास्त टाकण्यासारखे आहे. फरक इतकाच की येथे धान्य टाकणारा एक आणि त्याचा मालक दुसरा.

कापण्यापूर्वीची तपासणी

तपासणी क्रमाने करावी; क्रम मोडला तर पुढचे काम मागचे बिघडविते. तत्पूर्वी एक दक्षता अवश्य घ्यावी. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी इंजिन बंद करावे. पेट्रोलचे इंजिन असेल तर स्पार्क प्लगची तार काढून ठेवावी, विजेची मोटर असेल तर वीज तोडावी. पाते हाताळताना जाड हातमोजे घालावेत.

प्रथम बैठक पाहावी. रुळांखालची जमीन टणक असावी आणि टेकूंखाली रुंद फळ्या द्याव्यात. दोन्ही रुळांवर पाणसळ ठेवावी आणि रुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून मधेच रूळ खचला आहे काय, ते पाहावे. जड ओंडका चढल्यानंतर जमीन दबते, म्हणून पहिल्या ओंडक्यानंतर ही तपासणी पुन्हा करावी. रात्री पाऊस झाला असल्यास सकाळी ती नव्याने करावी.

त्यानंतर पाते पाहावे. यंत्र बनविणाऱ्याने पात्याला जितका ताण सांगितला असेल तितका द्यावा. काम करताना पाते तापते व लांबते, ताण उतरतो. म्हणून मधूनमधून तो पाहावा आणि दिवसाचे काम संपल्यावर पाते सैल करून ठेवावे. सागाच्या लाकडात वाळूच्या जातीचा अंश असतो, त्यामुळे दात लवकर बोथट होतात. फणसाचा चीक आणि भुसा पात्याला चिकटला तर पाते तापून भरकटते. त्यासाठी पात्यावर पाण्याची बारीक धार ठेवतात. दात आळीपाळीने वर व खाली फाकविलेले असतात. एका बाजूचे दात अधिक फाकले तर पाते त्या बाजूला ओढ घेते, आणि चालक कितीही कुशल असला तरी फळी सरळ निघत नाही.

तिसरी गोष्ट रोलरांची. ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पात्याला आधार देणारे रोलर असतात. ते पात्याला किंचित खाली दाबून धरतात, म्हणजे पाते थरथरत नाही. रोलर वाकडा बसला तर पात्याची पुढची कड वर किंवा खाली झुकते आणि पाते लाकडात चढते अथवा उतरते. हे पाहण्यासाठी एक सरळ सपाट पट्टी पात्याच्या अंगाला चिकटवून धरावी. ती दातांवर टेकू देऊ नये. पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाची रुळापासूनची उंची मोजावी. दोन्ही उंची सारख्या भरल्या पाहिजेत.

चौथी गोष्ट पाते आणि बैठक यांच्या समांतरतेची. ओंडका ज्या आडव्या दांड्यांवर बसतो, त्या प्रत्येक दांड्यावर पात्याची उंची दोन ठिकाणी मोजावी, एक रुळाच्या या बाजूस व एक त्या बाजूस. गाडा एका दांड्यावरून दुसऱ्या दांड्यावर नेऊन सर्व मापे टिपून ठेवावीत. सर्व मापे जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

काटा सर्वांत शेवटी लावावा. खाली फाकविलेल्या दाताच्या टोकापासून दांड्यापर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे आणि काटा त्याच आकड्यावर बसवावा. अंतर दाताच्या टोकापासून घ्यावयाचे, कारण फळीचा वरचा पृष्ठ तेथेच कापला जातो. मळसूत्रात आणि साखळीत थोडी ढिलाई असतेच. म्हणून गाडा नेहमी एकाच दिशेने, शक्यतो वरून खाली, खुणेवर आणावा. खूण ओलांडून गाडा खाली गेला तर तेवढाच वर उचलू नये. खुणेच्या बराच वर नेऊन पुन्हा खाली आणावा.

चाचणीच्या चार फळ्या

इतकी तयारी झाल्यावर चाचणी घ्यावी. त्यासाठी हलक्या किमतीचा ओंडका घ्यावा आणि तो चौकोनी करून त्यातून चार फळ्या काढाव्यात. चौथी फळी म्हणजे दांड्यांवर उरलेली तळाची फळी होय. तिला विसरू नये. प्रत्येक फळी सहा ठिकाणी मोजावी: दोन्ही टोकांस आणि मध्यावर, प्रत्येक ठिकाणी दोन्ही कडांना. मोजण्यास व्हर्नियर कॅलिपर वापरावा. कापडी फीत या कामाची नाही. चार फळ्यांची चोवीस मापे कागदावर मांडली की यंत्राचा दोष बहुधा आपोआप ओळखू येतो.

१. तळाची फळी मापात आहे, पण वरच्या सर्व फळ्या सारख्याच पातळ आहेत. येथे चीर हिशेबात धरलेली नाही. गाडा २५ ने उतरविला तर फळी २३ ची होणार. तो २७ ने उतरविला पाहिजे.

२. वरच्या फळ्या मापात आहेत, पण तळाची फळी सर्वत्र सारखीच जाड किंवा पातळ आहे. येथे काटा चुकीच्या जागी बसला आहे.

३. वरच्या फळ्या मापात आहेत, पण तळाची फळी एका कडेस जाड व दुसऱ्या कडेस पातळ आहे. येथे पाते बैठकीला समांतर नाही. असे पाते प्रत्येक वेळी सारखेच तिरपे कापते, म्हणून दोन चिरांमधील फळी बरोबर भरते आणि सगळा तिरपेपणा तळाशी साचतो. जे लोक केवळ वरची एखादी फळी मोजून समाधान मानतात, त्यांना हा दोष कधीच सापडत नाही.

४. फळीच्या अंगावर लाटा आहेत आणि मापे जागोजागी निराळी येतात. हा चालीचा दोष होय. दात, ताण, रोलर आणि गाडा ढकलण्याचा वेग या क्रमाने तो शोधावा. गाठ आली की वेग कमी करावा.

५. फळी मध्यावर जाड आणि दोन्ही टोकांस पातळ आहे. येथे पुष्कळदा दोष यंत्राचा नसून लाकडाचा असतो. वाढत्या झाडाचा बाहेरचा थर ताणलेला आणि गाभा दाबलेला असतो. निलगिरीत हे विशेष आढळते. एका बाजूची फळी काढली की ओंडक्याचा समतोल बिघडतो आणि तो मध्यावर उचलला जातो. अशा वेळी एकाच बाजूने कापत न जाता ओंडका उलटून समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने फळ्या काढाव्यात.

चाचणी झाल्यावर मापांची शिडी लिहून ती यंत्रावर लावावी. वर घेतलेल्या उदाहरणात काट्याच्या जागा २६८, २४१, २१४, १८७, १६०, १३३, १०६, ७९, ५२ व २५ अशा येतील. प्रत्येक पायरी २७ ची. शिडीचा लाभ असा की प्रत्येक माप तळापासून घेतले जाते. चालकाने मागच्या फळीपासून पुढची फळी मोजली तर प्रत्येक वेळची लहान चूक मागच्या चुकीत मिळत जाते आणि शेवटच्या फळीत सर्वांची बेरीज दिसते. शिडीने कापले तर एका ठिकाणची चूक पुढे वाढत जात नाही.

येथे इंच आणि सूत यांविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला. तरी सुतारांची आणि वखारीची बोली अद्याप इंचाची व सुताची आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३ मिलिमीटरपेक्षा थोडा अधिक. एक सूत म्हणजे ३ मिलिमीटर असे ढोबळ धरले तर आठ सुतांचे २४ होतात; परंतु इंच २५.४ मिलिमीटरचा असतो. फळीमागे जवळजवळ दीड मिलिमीटर नाहीसा झाला. सुताराशी सुतात बोलण्यास हरकत नाही. यंत्र मात्र एकाच मापपद्धतीवर लावावे आणि दिवसभर तीच ठेवावी.

ओल्या लाकडाची सूट

यंत्र मापात आले म्हणजे सर्व झाले असे नव्हे. आज कापलेली फळी उद्याची फळी नव्हे. ओले लाकूड वाळताना आकसते. साग ओल्या स्थितीपासून पूर्ण कोरडा होईपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. घरकामाजोगी फळी इतकी कोरडी होत नाही, म्हणून प्रत्यक्षातील आकसणे यापेक्षा कमी असते. शिवाय एकाच ओंडक्यातील सर्व फळ्या सारख्या आकसत नाहीत. गाभ्यालगतची उभी फळी जाडीत अधिक आकसते, सालीकडील फळी रुंदीत अधिक आकसते. साग या बाबतीत गुणी आहे. निलगिरीसारखी लाकडे पुष्कळ अधिक आकसतात व वाकतात.

म्हणून काटा किती जाडीवर धरावा हे सुताराला विचारून, शेवटापासून मागे हिशेब करून ठरवावे. रंधा मारून २० मिलिमीटरची तयार फळी हवी असेल, तर दोन्ही अंगांच्या रंध्यासाठी ३, वाळण्यासाठी १ आणि यंत्राच्या उरलेल्या फरकासाठी १ अशी सूट धरून काटा २५ वर लावावा. यांपैकी रंध्याची सूट सुतार ठरवितो आणि वाळण्याची सूट झाड ठरविते. तिसरी सूट मात्र सर्वस्वी चालकाच्या हाती आहे. ती कमी करणे हाच मापशुद्धीचा खरा अर्थ होय. भारतीय मानकांत देशाचे हवामानाप्रमाणे चार विभाग करून लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा ठरविल्या आहेत. कोकणातील दमट हवेत वाळलेले लाकूड विदर्भाच्या उन्हाळ्यात नेले तर आणखी आकसेल, हे यावरून ध्यानात घ्यावे.

वेळ जातो, ही सबब

या सर्वावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. यंत्राचा मालक म्हणतो की त्याला भाडे कापलेल्या लाकडावर मिळते, तपासणीवर मिळत नाही. सकाळचे दोन तास मापात गेले तर तेवढी मजुरी बुडते. गावात त्या दिवशी एकच झाड असले तर ही तक्रार समजण्यासारखी आहे.

परंतु याचा उपाय तपासणी टाळणे हा नव्हे, तिचा मोबदला ठरविणे हा आहे. शेतकऱ्याने ठरावाच्या वेळीच सांगावे की चाचणीच्या चार फळ्यांची मजुरी तो देईल आणि त्या मोजल्याशिवाय चांगल्या ओंडक्यास हात लावू देणार नाही. शक्य असेल तेथे दोनचार शेतकऱ्यांनी आपले ओंडके एका जागी आणावेत. यंत्र एकदा बसले, एकदा तपासले की तपासणीचा खर्च सर्वांत विभागला जातो. शिवाय चाचणी वाया जात नाही. त्या फळ्या गोठ्याच्या कुडाला किंवा पेटीला लागतातच.

दुसरा आक्षेप असा की सुतार शेवटी रंधा मारणारच, मग मिलिमीटरची एवढी चिकित्सा कशाला? याचे उत्तर सुताराकडेच मिळते. दाराची तावदाने, पेट्या, पाट, मधमाश्यांच्या लाकडी पेट्यांचे भाग अशा कामात सर्व फळ्या एका जाडीच्या लागतात. एक फळी पातळ निघाली तर तिच्यासाठी बाकीच्या सर्व फळ्या रंध्याने खाली आणाव्या लागतात. म्हणजे गठ्ठ्याची किंमत सर्वांत चांगल्या फळीवर ठरत नाही, सर्वांत पातळ फळीवर ठरते. फळ्या विकणाऱ्या शेतकऱ्याने हे विसरू नये. घेणारा ते कधीच विसरत नाही.

गावपातळीवर काय करता येईल

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना लागणारे लाकूड शेतकऱ्यांच्या सहकार्याने वाढविण्यावर भर दिला. झाडे लावा हा उपदेश त्यामुळे गावोगाव पोहोचला आहे. लावलेले झाड कापताना त्याचे पूर्ण मोल पदरात कसे पाडावे, याचे शिक्षण मात्र तितक्या आस्थेने दिले जात नाही. ही उणीव गावपातळीवरील कार्यकर्त्याने भरून काढावी. त्याने स्वतः यंत्र चालविण्याची गरज नाही. त्याच्या पिशवीत एक पोलादी पट्टी, एक कॅलिपर आणि चोवीस रकान्यांचा एक कागद असला तरी पुरे. जो कार्यकर्ता बियाण्याची उगवणशक्ती शंभर दाणे रुजवून पाहावयास शिकवितो, त्याला चार फळ्या मोजून यंत्राची परीक्षा शिकविणे जड जाऊ नये.

कायद्याची बाजूही त्याने आधीच सांगावी. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा १९६४ चा आहे आणि साग, आंबा, फणस यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. आरागिरणीलाही वन खात्याचे नियम लागू आहेत. यंत्र चाकांवर आहे, तेवढ्यावरून परवान्यातून सुटका झाली असे कोणी धरून चालू नये. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करूनच काम ठरवावे.

धान्य विकताना शेतकरी तराजूची दांडी डोळ्यांत तेल घालून पाहतो. दूध घालताना मापाला पोचा पडला आहे काय, तेही पाहतो. चाळीस वर्षांचे झाड कापताना मात्र तो काट्याच्या एका आकड्यावर विसंबतो, कारण यंत्र चुकणार नाही असे त्याला वाटते. यंत्र चुकते, आणि चुकले की प्रत्येक फळीत चुकते. ओंडका दांड्यांवर चढला की शेतकऱ्याने पहिल्या चार फळ्या हाती घ्याव्यात, त्या सहा ठिकाणी मोजाव्यात आणि मगच पुढचा ओंडका लोटण्यास सांगावे. तुटलेले झाड पुन्हा उभे करता येत नाही. पण त्याची दहावी फळी वाचविणे त्याच्या हाती आहे.